पार्किंगचा दंड अमान्य आहे आणि दारात बेलीफ आला आहे : इंग्लंडमध्ये पुढे काय करावे?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी. आम्ही पश्चिम लंडनमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. कौन्सिलने (इथल्या स्थानिक पालिकेने) केलेल्या पार्किंगच्या एका दंडाचे प्रकरण आता बेलीफपर्यंत, म्हणजे वॉरंट घेऊन वसुली व जप्ती करणाऱ्या माणसापर्यंत, गेले आहे. इथल्या जाणत्या मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे, म्हणून हा धागा काढत आहे. हकिकत क्रमाने सांगतो.

गाडी आमच्याच गल्लीत, रहिवाशांसाठी आखलेल्या जागेत, चालू पर्मिटसह उभी होती. आम्ही बाहेरगावी गेलेलो असताना शेजारच्या इमारतीतील सामान हलवण्यासाठी कौन्सिलने त्या जागा तात्पुरत्या बंद केल्या आणि तशी पिवळी पाटी खांबावर लावली. गाडी लावली तेव्हा ती पाटी तिथे नव्हती. परत आलो तर काचेवर १३० पाउंडांच्या दंडाची नोटीस. समोर राहणाऱ्या बाईंच्या दारावर कॅमेरा आहे. गाडी आधीपासून उभी आहे आणि पाटी लावणारा माणूस नंतर आला आहे, हे त्यात स्वच्छ दिसते. ते चित्रण जोडून पहिली हरकत घेतली, ती छापील मजकुराच्या पत्राने फेटाळली गेली. पुढे ‘नोटीस टू ओनर’ (गाडीच्या मालकाच्या नावाने येणारी औपचारिक नोटीस) आली, तिलाही मुदतीत ऑनलाइन रीतसर उत्तर दिले. ते पोहोचल्याची, नोंद क्रमांक असलेली ईमेल माझ्याकडे आहे. त्यानंतर कौन्सिलकडून एकही पत्र हाती आले नाही.

बऱ्याच महिन्यांनी आले ते थेट वसुली कंपनीचे पत्र, ७५ पाउंड वाढवून. मी त्यांना सगळी कागदपत्रे पाठवली. त्यांचे उत्तर एवढेच, की दंड योग्य की अयोग्य हे आम्ही पाहत नाही, पैसे भरा. काल सकाळी त्यांचा माणूस दारात आला. मी कामावर होतो. पत्नीने दार न उघडता वरच्या खिडकीतून बोलणे केले. जाताना तो हाताने लिहिलेले पत्र टाकून गेला, त्यात रक्कम ५०० पाउंडांच्या वर गेली आहे आणि गाडीला क्लॅम्प (चाक जखडणारे कुलूप) लावून ती उचलून नेऊ असे म्हटले आहे. दोन प्रश्न आहेत. तो घरात घुसू शकतो का? आणि ज्या दंडावर आम्हाला कोणी उत्तरच दिले नाही, तो दंड या थराला पोहोचला असताना दाद नेमकी कोणाकडे मागायची?

वहिवाट

मी इथल्या एका सल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करतो. या जातीची प्रकरणे आमच्याकडे सतत येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुढचे सगळे इंग्लंड आणि वेल्सपुरते आणि कौन्सिलने केलेल्या दंडापुरते आहे. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे.

आधी दाराचे. वहिनींनी दार उघडले नाही, हे अगदी योग्य केले. तुमच्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. पार्किंगच्या दंडासाठी आलेला बेलीफ पहिल्या भेटीत कुलूप तोडून किंवा तुम्हाला बाजूला ढकलून घरात शिरू शकत नाही. दार उघडे मिळाले किंवा कोणी ‘या’ म्हटले, तरच तो आत येऊ शकतो. खिडकीतून चढून येणे, दारात पाय अडकवून धरणे हे त्याला वर्ज्य आहे. सकाळी ६ ते रात्री ९ याच वेळात त्याने यायचे असते. घरात फक्त १६ वर्षांखालील मूल किंवा असहाय स्थितीतील व्यक्ती असेल, तर त्याला जप्ती करता येत नाही. पण तो एकदा शांतपणे आत आला आणि तुमच्या वस्तूंची यादी करून ‘कंट्रोल्ड गुड्स ॲग्रीमेंट’वर (त्या वस्तू जप्तीत धरून हप्त्यांनी पैसे भरण्याच्या करारावर) तुमची सही झाली, की चित्र पालटते. त्या कराराचे हप्ते चुकले तर पुढच्या वेळी तो नोटीस देऊन बळानेही आत येऊ शकतो. म्हणून दारात किंवा पायऱ्यांवर कशावरही सही करू नका. बोलायचे ते खिडकीतून किंवा टपालाच्या फटीतून बोला, आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू ठेवा.

गाडीची गोष्ट मात्र निराळी. गाडी रस्त्यावर किंवा तुमच्या अंगणात असेल तर बंद दाराचा तिला काही उपयोग नाही. या कंपन्यांच्या व्हॅनवर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे असतात. त्या गल्लीगल्लीतून फिरतात आणि वॉरंट निघालेली गाडी दिसली की क्लॅम्प लावतात. क्लॅम्प लावल्यावर किमान २ तास थांबून मग ती उचलता येते. तेव्हा आज संध्याकाळीच गाडी घरापासून दूर, एखाद्या स्नेह्याच्या खासगी आवारात नेऊन ठेवा. क्लॅम्प लागण्यापूर्वी गाडी हलवणे हा तुमचा हक्क आहे. लागल्यानंतर मात्र त्याला हात लावू नका, तो तोडणे हा गुन्हा आहे.

आता दाद कोठे मागायची ते. बेलीफ तुमच्या पुराव्याकडे पाहत नाही, कारण तो अधिकारच त्याला नाही. त्याच्या हातात वॉरंट आहे आणि त्याची कंपनी त्या वॉरंटवर चालते. तेव्हा त्याला पाटीचे चित्रण दाखवून वेळ घालवू नका. ज्या आदेशावर ते वॉरंट निघाले तो आदेशच मागे घेतला गेला पाहिजे, आणि ते काम नॉर्थहॅम्प्टन येथील ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरचे आहे. हे कार्यालय कौंटी कोर्टाच्या व्यवस्थेचा भाग आहे आणि कौन्सिलांचे न भरलेले दंड वसुलीसाठी तिथे नोंदवले जातात.

तुमच्या बाबतीत साखळी अशी झाली असणार. नोटीस टू ओनरवर तुम्ही निवेदन दिले. कौन्सिलने एक तर उत्तर पाठवलेच नाही किंवा पाठवलेले उत्तर तुम्हाला मिळाले नाही. मग त्यांनी चार्ज सर्टिफिकेट (वाढीव रकमेची नोटीस) काढून रक्कम निम्म्याने वाढवली, म्हणजे १३० चे १९५ झाले. ते भरले गेले नाहीत म्हणून प्रकरण नॉर्थहॅम्प्टनला नोंदवले, नोंदणीची फी चढली, ऑर्डर फॉर रिकव्हरी (वसुलीचा आदेश) निघाली. तिला उत्तर देण्याची २१ दिवसांची मुदत संपल्यावर वॉरंट निघाले. त्यावर बेलीफचे ७५ पाउंड पत्राच्या टप्प्याचे आणि २३५ पाउंड प्रत्यक्ष दारात येण्याचे, हे २०१४ च्या नियमांत ठरवून दिलेले दर. बेरीज केलीत तर ५०५ आणि वर नोंदणी फी. तुमच्या पत्रातील आकडा याच्या आसपास असेल तर तो नियमाप्रमाणे आहे. त्याहून बराच मोठा असेल तर मात्र तपशील मागा.

तुम्हाला दोन फॉर्म भरायचे आहेत. टीई ९ म्हणजे तुमचे साक्षीचे निवेदन, आणि टीई ७ म्हणजे ते मुदतीनंतर दाखल करून घ्यावे असा अर्ज. मुदत उलटली असल्याने दोन्ही एकत्रच पाठवायचे असतात. ते ईमेलने पाठवता येतात आणि त्यांना शुल्क नाही. टीई ९ वर चार कारणे छापलेली असतात : नोटीस टू ओनर मिळाली नाही, मुदतीत निवेदन दिले पण ते फेटाळल्याचे पत्र आले नाही, लवादाकडे (अशा दंडांवरील अपिले ऐकणाऱ्या स्वतंत्र मंडळाकडे) अपील केले पण उत्तर नाही, किंवा दंड पूर्ण भरला आहे. तुमचे कारण दुसरे, आणि फक्त दुसरे. एकाच कारणावर खूण करा. घाबरलेली माणसे सगळ्या चौकटींवर खुणा करतात आणि अर्ज तिथेच निकामी होतो. निवेदनात जाणूनबुजून खोटे लिहिणे हा कोर्टाचा अवमान ठरतो, तेव्हा जे घडले तेच लिहा.

चाफ्याची_वाट

वहिवाट यांनी लिहिले आहे त्यातील दाराच्या मुद्द्यावर माझा अनुभव सांगते, कारण आपल्या घरांत तो फार लागू पडतो. मागे माझ्या सासूबाई सांगलीहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आम्ही दोघे कामावर, मुलगा शाळेत. दुपारी गणवेशासारखा काळा कोट घातलेला, छातीवर कॅमेरा लावलेला माणूस दारात उभा राहिला. दारी आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवायचे नाही, ही त्यांची आयुष्यभराची रीत. त्यांनी दार पूर्ण उघडले, बाजूला झाल्या आणि हाताने ‘या’ अशी खूण केली. तो बैठकीच्या खोलीत येऊन टीव्ही, लॅपटॉप यांची नावे लिहू लागला. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी मला फोन लावून त्याच्या हातात दिला. सासूबाई वयस्कर आहेत, त्यांना भाषा समजत नाही, आणि घरात दुसरे कोणी नाही, हे मी तीनदा सांगितले, तेव्हा तो यादी अर्धवट टाकून बाहेर पडला. नंतर कळले की ज्या दंडासाठी तो आला होता, तो आमच्या आधीच्या भाडेकरूचा होता.

म्हणून माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे, की भारतातून आई-वडील येतात तेव्हा गॅस कसा लावायचा, दाराचे लॅच कसे पडते हे आपण त्यांना दाखवतो, त्याबरोबर हेही सांगून ठेवावे : अनोळखी माणसासाठी दार उघडायचे नाही, आत या म्हणायचे नाही, आपल्याला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा. यात त्यांच्या संस्कारांना कमीपणा येत नाही. हे त्यांच्या मनावर बिंबवायला मला दोन-तीन संध्याकाळी बोलावे लागले, पण नंतर त्या स्वतःच शेजारच्या गुजराती आजींना ते समजावून सांगत होत्या.

वहिवाट

चाफ्याची_वाट ताई, तुम्ही सांगितलेला प्रसंग अगदी महत्त्वाचा आहे. वय, आजारपण, गरोदरपण, मानसिक त्रास, इंग्रजी न समजणे या गोष्टी घरात असतील तर त्या कंपनीला आणि कौन्सिलला लेखी कळवाव्यात. कर्जदार स्वतःच असहाय स्थितीत असेल तर त्याला सल्ला घेण्याची पुरेशी संधी देण्यापूर्वी २३५ पाउंडांची फी त्याच्याकडून वसूल करता येत नाही. हे बरेच जण सांगत नाहीत आणि मग विनाकारण भरतात.

आधीच्या भाडेकरूच्या नावाने येणाऱ्या पत्रांबद्दल : पाकिटावर ‘या पत्त्यावर राहत नाही’ असे लिहून परत टाका, पण त्यावरच थांबू नका. पाठवणाऱ्याचे नाव दिसत असेल तर तुमचा भाडेकरार आणि कौन्सिल टॅक्सचे बिल यांची प्रत ईमेलने पाठवा. दुसऱ्याच्या देण्यासाठी तुमच्या वस्तू नेता येत नाहीत, पण त्या तुमच्या आहेत हे दाखवण्याची पाळी तुमच्यावर येते, आणि ती दारात येण्यापेक्षा कागदावर आलेली बरी.

रानवाट_७२

माझे मत थोडे वेगळे आहे, आणि ते मी जबाबदारीने मांडतो. निळी_छत्री यांनी पैसे भरून मोकळे व्हावे आणि मग तक्रार करावी. ५०० पाउंड मोठी रक्कम आहे हे मान्य, पण गाडी उचलली गेली तर विक्रीच्या टप्प्याचे ११० पाउंड, गाडी ठेवण्याचे भाडे, कामावर जायची अडचण, मुलांची शाळा, आणि रोज सकाळी खिडकीतून खाली पाहत राहण्याचा ताण, या सगळ्याचा हिशेब केला तर तत्त्वासाठी भांडणे परवडत नाही. मी स्वतः एकदा भरले आणि सुटलो. दंड चुकीचा होता याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही, पण घरातील शांतता मला जास्त मोलाची वाटली.

वहिवाट

रानवाट साहेब, ताणाविषयी तुम्ही लिहिले ते खरे आहे आणि ज्याला तो सोसवत नाही त्याने भरले तर त्यात कमीपणा नाही. पण तक्रार नंतर करू, हे वाक्य मी सल्ला केंद्रात फार ऐकतो आणि पुढे ती होत नाही. एकदा पैसे गेले की कौन्सिलच्या दृष्टीने प्रकरण मिटलेले असते, आणि ते पुन्हा उघडायला लावण्यासाठी जेवढा खटाटोप करावा लागतो, त्याच्या निम्म्या खटाटोपात आज वॉरंट थांबते. टीई ७ आणि टीई ९ दाखल झाले की सेंटर कौन्सिलला कळवते आणि निर्णय होईपर्यंत वसुली थांबवून ठेवली जाते. अर्ज पोहोचल्याची ईमेल आली की तीच कौन्सिलला आणि बेलीफ कंपनीला पुढे पाठवा, कारण खालपर्यंत निरोप जायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात व्हॅन येऊन जाते. गाडी आधीच उचललेली असेल तर मात्र नुसत्या अर्जाने ती आपोआप परत मिळत नाही. म्हणूनच घाई करायची ती आज.

निळी_छत्री, तुमच्यासाठी आणखी एक मुद्दा आहे आणि माझ्या मते तुमच्या बाजूचा सर्वांत जड मुद्दा तोच आहे. नोटीस टू ओनरवर रीतसर निवेदन मिळाल्यापासून ५६ दिवसांच्या आत कौन्सिलने ते फेटाळल्याचे पत्र दिले नाही, तर निवेदन मान्य झाले असे कायद्याने धरले जाते. तेव्हा कौन्सिलला आजच पत्र लिहा : अमुक तारखेला निवेदन पोहोचले, हा नोंद क्रमांक, फेटाळल्याचे पत्र मिळालेले नाही, तुम्ही ते पाठवले असल्यास त्याची प्रत आणि पाठवल्याची नोंद द्या, आणि तोवर वॉरंट परत मागवा.

फोन केलात तर समोरचा माणूस बहुधा सांगेल की प्रकरण बेलीफकडे गेले आहे, आता आमच्या हातात काही नाही. ते मान्य करू नका. वॉरंट कौन्सिलच्या नावाने निघालेले असते, बेलीफ त्यांचा प्रतिनिधी असतो, आणि कौन्सिल ते कधीही परत मागवू शकते. फोनपेक्षा लेखीच बोला. उत्तर समाधानकारक नसेल तर कौन्सिलच्या तक्रार प्रक्रियेतून जाऊन पुढे लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जाता येते.

टीई ७ मधील कारणाच्या चौकटीबद्दल दोन शब्द लिहितो, कारण अर्ज तिथेच तरतो किंवा बुडतो. त्या चौकटीत दंड कसा चुकीचा होता हे लिहायचे नसते. पाटी, कॅमेरा, शेजारीण यांतले काहीही तिथे नको. तिथे एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे : २१ दिवसांच्या मुदतीत तुम्ही साक्षीचे निवेदन का दाखल केले नाही? म्हणजे ऑर्डर फॉर रिकव्हरी तुमच्या हाती कधी आली, आली नसेल तर का, प्रकरण कोर्टात गेल्याचे तुम्हाला प्रथम कधी व कशावरून कळले, आणि कळल्यावर तुम्ही किती लवकर हालचाल केली. तारखा घाला. पाच-सहा वाक्ये पुरेत. संतापाचे वाक्य एकही नको, तो अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याने तुमच्यावर कसलाही अन्याय केलेला नाही.

मोगरी_लेस्टर

माझा प्रश्न याला लागून आहे. आम्हाला एका सुपरमार्केटच्या आवारातील पार्किंगबद्दल खासगी कंपनीची १०० पाउंडांची नोटीस आली होती, आम्ही ती मान्य केली नाही. आता एका वसुली एजन्सीची लाल अक्षरांतील पत्रे येत आहेत, त्यात रक्कम १७० झाली आहे आणि ‘बेलीफ’ असा शब्दही एका ठिकाणी आहे. आम्हीही टीई ९ भरायचा का?

वहिवाट

नाही. तुमचे प्रकरण पूर्ण वेगळे आहे आणि ही गल्लत फार जणांची होते, कारण दोन्ही नोटिसा दिसायला सारख्या असतात आणि दोन्हींची इंग्रजी आद्याक्षरेही तीच, पीसीएन. खासगी कंपनीची मागणी हा करारावर आधारलेला दावा आहे. तो पूर्णपणे पोकळ असतो असे समजू नका. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या खटल्यात ८५ पाउंडांची अशी आकारणी वैध ठरवली आहे. पण तुम्हाला आलेली पत्रे वसुली एजन्सीची आहेत, आणि त्या एजन्सीला तुमच्या दारात येऊन जप्ती करण्याचा काडीचाही अधिकार नाही. बेलीफ येण्याआधी कंपनीला कौंटी कोर्टात दावा लावून निकाल मिळवावा लागतो.

एकच खबरदारी घ्या. एजन्सीची पत्रे बाजूला ठेवलीत तरी चालेल, पण दावा दाखल करण्यापूर्वीचे पत्र किंवा कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर त्याला मुदतीत उत्तर द्याच. घर बदलले असेल तर नवा पत्ता कंपनीला कळवा. जुन्या पत्त्यावर कोर्टाचे कागद गेले आणि परस्पर निकाल लागला, तर महिन्याभरात न भरलेला निकाल ६ वर्षे तुमच्या पतनोंदीत राहतो आणि घरकर्जाच्या वेळी आडवा येतो. कौन्सिलच्या दंडाची नॉर्थहॅम्प्टनमधील नोंद मात्र तशी पतनोंदीत जात नाही.

घाटमाथा

अलीकडे भारतातून आलेल्यांसाठी एक गोष्ट लिहितो. पुण्यामुंबईत ई-चलन साठत गेले तरी लोकअदालतीची नोटीस येईल, तिथे तडजोडीत कमी भरून मोकळे होऊ, अशी सवय आपल्याला लागलेली असते. इथे असा टप्पा नाही. इथे सवलत सुरुवातीलाच मिळते, १४ दिवसांत निम्मी रक्कम, आणि पुढे प्रत्येक पायरीवर आकडा फक्त वाढत जातो. लंडनमध्ये एप्रिल २०२५ पासून वरच्या पट्ट्यातील दंड १६० पाउंड झाला आहे, म्हणजे चार्ज सर्टिफिकेटनंतर तोच २४०. ज्याला दंड मान्य नाही त्याने पहिल्या दिवसापासून लेखी हरकत घ्यावी, आणि लवादापर्यंत जाण्याची तयारी ठेवावी. लंडनमध्ये लंडन ट्रिब्युनल्स आणि बाहेर ट्रॅफिक पेनल्टी ट्रिब्युनल. दोन्हीकडे अपील विनाशुल्क आहे आणि तिथले निर्णय देणारे कौन्सिलच्या नोकरीत नसतात. आपल्यातील फार थोडे लोक तिथपर्यंत जातात, याची मला खंत वाटते.

दुसरे, घर बदलले की गाडीच्या नोंदणीपत्रावरचा पत्ता त्याच आठवड्यात बदला. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता बदलला म्हणजे गाडीचा बदलत नाही, ती दोन वेगळी कामे आहेत. कौन्सिल नोटीस पाठवते ती गाडीच्या नोंदीवरील पत्त्यावर.

कऱ्हाकाठ

मी डिलिव्हरीचे काम करतो, गाडीवरच पोट आहे. अशी गाडी बेलीफ उचलू शकतो का?

वहिवाट

व्यवसायाला लागणारी साधने, वाहनासह, एकूण १३५० पाउंड किमतीपर्यंत जप्तीतून वगळलेली आहेत. गाडीची किंमत त्याहून जास्त असेल तर हे संरक्षण पुरत नाही. अपंग व्यक्तीसाठी वापरली जाणारी, ब्लू बॅज लावलेली गाडी पूर्ण वगळलेली आहे. हप्त्यांवर घेतलेली गाडी फायनान्स कंपनीच्या मालकीची असते, तेव्हा ते करारपत्र लगेच दाखवावे. घरातील चूल, फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र, अंथरूण-पांघरूण यांनाही हात लावता येत नाही.

आणि तुमचा दंड वादाचा नसून भरायला पैसेच नाहीत अशी स्थिती असेल, तर मार्ग वेगळा आहे. मान्यताप्राप्त कर्ज सल्लागारामार्फत ‘ब्रीदिंग स्पेस’ घेता येते. मे २०२१ पासून ही योजना आहे, तिच्यात ६० दिवस वसुली थांबते आणि कौन्सिलचे पार्किंग दंडही तिच्यात येतात. सिटिझन्स ॲडव्हाइस, नॅशनल डेटलाइन, स्टेपचेंज या संस्था विनामूल्य सल्ला देतात. पैसे घेऊन बेलीफ थांबवून देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहा.

निळी_छत्री

सर्वांचे मनापासून आभार. त्या रात्रीच दोन्ही फॉर्म भरून पाठवले. टीई ७ मध्ये मी आधी पानभर लिहिले होते. वहिवाट यांचे वाचून ते बाजूला ठेवले आणि एवढेच लिहिले, की आमच्या इमारतीत सगळ्या फ्लॅटांचे टपाल खालच्या एकाच कप्प्यात पडते, ऑर्डर फॉर रिकव्हरी माझ्या हाती आली नाही, वसुली कंपनीच्या पत्रावरून मला प्रथम कळले, आणि त्या पत्राची तारीख ही. निवेदन पोहोचल्याची ईमेल सोबत जोडली. अर्ज दाखल झाल्याचे उत्तर आल्यावर ते कौन्सिलला आणि वसुली कंपनीला पाठवले. कंपनीने खाते स्थगित केल्याचे कळवले आहे. तरी गाडी अजून मित्राच्या अंगणातच आहे.

कौन्सिलचे उत्तर मात्र बोलके आहे. फेटाळल्याचे पत्र आम्ही पाठवले होते असे ते म्हणतात आणि प्रत जोडतात. त्या प्रतीवर आमच्या इमारतीचा क्रमांक आहे, फ्लॅटचा क्रमांक नाही. नोटीस टू ओनरवर फ्लॅटचा क्रमांक व्यवस्थित होता. म्हणजे त्यांच्याकडे पूर्ण पत्ता होता, आणि ज्या पत्रावर आमचा अपिलाचा हक्क अवलंबून होता त्याच पत्रावर तो नव्हता. माझ्या पत्नीने खिडकीतून ज्या प्रसंगाला तोंड दिले त्याचे मूळ या एका गाळलेल्या अंकात असावे, हे पाहून मला फार वाईट वाटले.

वहिवाट

ती प्रत जपून ठेवा आणि नोटीस टू ओनर आणि ही प्रत, दोन्हींवरील पत्ते शेजारी शेजारी ठेवून त्यांचे एक छायाचित्र काढा. कौन्सिलने अर्जाला विरोध केला आणि तो नाकारला गेला, तर १४ दिवसांत एन २४४ फॉर्मवर न्यायाधीशांकडून फेरविचार मागता येतो. त्याला शुल्क आहे, पण उत्पन्न कमी असल्यास सूट मिळते. तशी वेळ तुमच्यावर येईल असे वाटत नाही.

रानवाट_७२

निळी_छत्री, मी वर भरून टाका म्हटले होते. तुम्ही जोडलेला पत्त्यांचा तपशील वाचल्यावर मला वाटते तुम्ही केले ते बरोबर केले. एक विचारतो : ज्यांनी बेलीफला आधीच पैसे दिले आहेत, त्यांनी नंतर टीई ९ दाखल केला तर?

वहिवाट

दाखल करता येतो. कारण खरे असेल आणि आदेश मागे घेतला गेला, तर त्या आदेशावर वसूल झालेली रक्कम, बेलीफच्या फीसह, परत मागावी. मागणी कौन्सिलकडे करायची, कंपनीकडे नव्हे. पैसे देताना ‘वाद कायम ठेवून भरत आहे’ असे लिहून दिलेले असेल तर पुढे उपयोगी पडते, पण ते नसले म्हणून हक्क जात नाही.

बेलीफच्या वर्तनाबद्दल तक्रार असेल, म्हणजे त्याने धमकावले, खोटे सांगितले, पाय अडकवला, तर ती आधी कंपनीकडे आणि कौन्सिलकडे करा. अशा दंडासाठी येणाऱ्या प्रत्येक बेलीफला कौंटी कोर्टाचे प्रमाणपत्र असावे लागते आणि त्यांची नोंदवही ऑनलाइन सर्वांना पाहता येते. नाव तिथे नसेल तर तो माणूस बेलीफच नाही. २०२२ मध्ये स्थापन झालेले एन्फोर्समेंट कंडक्ट बोर्डही या कंपन्यांवर लक्ष ठेवते.

निळी_छत्री

आज पत्र आले. ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरने ऑर्डर फॉर रिकव्हरी मागे घेतली आहे आणि चार्ज सर्टिफिकेटही रद्द झाले आहे. वहिवाट, मूळ दंडाचे आता काय होते? तो संपला का?

वहिवाट

अभिनंदन. दंड आपोआप संपत नाही. तुम्ही दुसऱ्या कारणावर निवेदन दिले असल्याने कौन्सिलने प्रकरण आता लवादाकडे पाठवायचे असते. कौन्सिलने स्वतःहून माघार घेतली तर तिथे जायची वेळच येणार नाही. गेले, तर बेलीफचे ३१० पाउंड आणि वाढीव रक्कम बाजूला पडली आहे, वाद मूळ १३० पाउंडांचा उरला आहे, आणि पाटी, कॅमेरा, शेजारीण हे सगळे मांडायची जागा तीच आहे. ५६ दिवसांचा मुद्दा पहिल्या परिच्छेदात घाला, कॅमेऱ्याचे चित्रण दुसऱ्यात. पर्मिटच्या अटींमध्ये गाडीवर अधूनमधून लक्ष ठेवण्याची अट आहे का ते आधी वाचून घ्या, कारण कौन्सिल तिच्यावर बोट ठेवील आणि त्याला उत्तर तयार हवे. सुनावणी फोनवर मागता येते. समोरच्या बाईंना चित्रणाची मूळ फाइल पुसू नका असे आजच सांगून ठेवा, त्या कॅमेऱ्यांची साठवण बहुधा काही आठवड्यांत आपोआप पुसली जाते.

निळी_छत्री

फाइल माझ्याकडे उतरवून घेतलेली आहे, आणि बाई लेखी निवेदन द्यायलाही तयार आहेत. पर्मिटच्या अटी आज रात्री वाचतो आणि लवादाचे पत्र आले की तारीख इथेच कळवतो.